मॅन्युअल संपतं तिथून पुढे

इंजिनाचं काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये दोन तऱ्हांची गिऱ्हाइकं येतात. एकाची गाडी धूर सोडत असते, ऑइल पीत असते. त्याला ती पूर्वीसारखी करून हवी असते. दुसऱ्याची गाडी ठणठणीत असते, तरी कारखान्यातून निघाली त्याहून ती जोरात पळायला हवी असते. दोघांच्या कामाला यंत्रं तीच लागतात: बोअरिंग मशीन, होनिंग, क्रँक ग्राइंडर, हेडचं तोंड सपाट करणारं मशीन. हातही तेच लागतात. पण पहिल्या कामाचं उत्तर आधीच छापलेलं असतं. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये फट किती ठेवायची, हेडचे बोल्ट किती ताकदीनं आवळायचे, बेअरिंग किती झिजलं की बदलायचं, हे सगळं कंपनीचं मॅन्युअल सांगतं. कारागिराचं कौशल्य त्या आकड्यापर्यंत परत जाण्यात असतं. दुसऱ्या कामात तो आकडा ओलांडायचाच असतो. ओलांडल्यावर काय होईल हे कंपनीनं कुठेच लिहिलेलं नसतं. ते वर्कशॉपला स्वतः शोधून स्वतःच लिहावं लागतं.

त्यामुळे दुरुस्ती किंवा किरकोळ ट्यूनिंग सोडून ‘परफॉर्मन्स’ इंजिनांकडे वळणारं छोटं वर्कशॉप नुसतं गिऱ्हाईक बदलत नाही. ते आकडे शोधण्याच्या आणि सिद्ध करण्याच्या धंद्यात उतरतं. ही वाट कशी जाते, तिच्यावर पैसे आणि डोकं कुठे खर्च होतं, हे समजून घ्यायला इंग्लंडमधल्या कॉसवर्थइतकं चांगलं उदाहरण नाही.

दोन नावांचं एक वर्कशॉप

१९५८ साली माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ या दोन इंजिनिअरांनी आपली आडनावं जोडून लंडनमध्ये ‘कॉसवर्थ’ नावाची कंपनी काढली. दोघंही लोटस या कंपनीतले. कॉस्टिन विमानं बनवणाऱ्या द हॅविलंडमध्ये उमेदवारी करून आलेला. डकवर्थ लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून शिकलेला, लोटसच्या रेसिंग गिअरबॉक्सवर काम करणारा. तो गिअरबॉक्स सारखा बिघडत असे. तो मुळापासून नव्यानं आखायला हवा, असं डकवर्थचं म्हणणं होतं. लोटसचा मालक कॉलिन चॅपमन तेवढा खर्च करायला तयार नव्हता. डकवर्थ बाहेर पडला. कॉस्टिन मात्र करारानं बांधलेला होता आणि १९६२पर्यंत लोटसमध्येच राहिला. त्यामुळे पहिली काही वर्षं हे वर्कशॉप मुख्यतः डकवर्थनंच ओढलं.

सुरुवातीचं काम कुठल्याही छोट्या वर्कशॉपला शोभेल असंच होतं: दुसऱ्यांची इंजिनं जुळवायची, ट्यून करायची. त्यात कोव्हेंट्री क्लायमॅक्स या कंपनीची इंजिनं बरीच असत. हा धंदा पोट भरतो, पण त्यात वर्कशॉपची स्वतःची ओळख तयार होत नाही. दर गिऱ्हाइकाचं इंजिन वेगळं असलं की एकाच्या कामातून जे कळलं ते दुसऱ्याच्या कामाला येत नाही. ज्ञान साठत नाही, फक्त तास जमा होतात.

मग एका वर्षाच्या आत दोन गोष्टी जुळून आल्या. ‘फॉर्म्युला ज्युनिअर’ नावाचा नवा रेसिंगचा वर्ग १९५९मध्ये आंतरराष्ट्रीय झाला. नवोदित चालकांना परवडावा म्हणून त्याची अट अशी की इंजिनाचा ब्लॉक आणि हेड साध्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारीचं हवं. आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत फोर्डनं इंग्लंडमध्ये नवी अँग्लिया बाजारात आणली. तिच्यातल्या ९९७ सीसीच्या चार सिलिंडर इंजिनाला आतल्या लोकांत १०५ई म्हणत. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर जेमतेम ३९ अश्वशक्ती देणारं, घरगुती वापराचं इंजिन. डकवर्थनं इतर कामं मागे सारून हेच इंजिन धरलं.

आखूड स्ट्रोकचं इंजिन

हेच का, याचं उत्तर बोअर आणि स्ट्रोकच्या आकड्यांत आहे. फोर्डच्या आधीच्या छोट्या ११७२ सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ९२.५ मिलिमीटर होता, म्हणजे सिलिंडर अरुंद आणि उंच. १०५ईमध्ये हे उलटं झालं: व्यास सुमारे ८१ मिलिमीटर, प्रवास फक्त ४८.४.

इंजिनाची शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्यांचा वेग. मापं तीच ठेवून शक्ती वाढवायची तर सर्वांत सरळ उपाय म्हणजे इंजिन जास्त फेऱ्यांवर चालवणं. पण दर फेऱ्यात पिस्टनला एकदा वर आणि एकदा खाली जावं लागतं. जुनं लांब स्ट्रोकचं इंजिन समजा ७५०० फेऱ्यांवर नेलं, तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २३ मीटर होतो. १०५ईमध्ये त्याच फेऱ्यांवर तो १२ मीटर राहतो. पहिल्याचे रॉड आणि रिंगा तिथवर टिकणं कठीण. दुसऱ्याला अजून वाव आहे. शिवाय रुंद बोअरमुळे हेडमध्ये मोठे व्हॉल्व्ह बसतात. फोर्डनं हे इंजिन रेसिंगसाठी केलं नव्हतं, पण त्याच्या मापांत रेसिंगची सोय होऊन बसली होती.

वळण घेणाऱ्या वर्कशॉपचा पहिला धडा इथेच आहे. कुठलं एक इंजिन धरायचं हा निर्णय पुढच्या सगळ्या निर्णयांहून मोठा असतो. ते स्वस्त आणि मुबलक हवं, म्हणजे चार मोडले तरी पाचवं मिळेल. त्याच्या मूळ रचनेत वाव हवा. आणि ते पळवायला मैदान हवं, म्हणजे ज्यात त्याची कसोटी लागेल असा रेसिंगचा वर्ग.

हवा आत आली पाहिजे

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण त्याची खरी मर्यादा हवेत असते. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला साधारण ९००० लिटर हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं. हवा मात्र प्रत्येक वेळी व्हॉल्व्हच्या फटीतून, क्षणाच्या एका तुकड्यात, आत शिरली पाहिजे. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. म्हणजे ९९७ सीसीचं इंजिन ५००० फेऱ्यांवर मिनिटाला जास्तीत जास्त २५०० लिटर हवा ओढू शकतं, तेही प्रत्येक सिलिंडर काठोकाठ भरला तर. फेरे वाढले की भरण्याचा वेळ कमी होतो, भरणं अपुरं राहतं आणि टॉर्क पडायला लागतो.

ट्यूनिंगचा मोठा हिस्सा या अपुऱ्या भरण्याशी झगडण्यात जातो. पोर्टच्या आतले उंचवटे आणि ओतकामाच्या कडा घासून हवेची वाट मोकळी करायची. व्हॉल्व्ह मोठे बसवायचे. एक्झॉस्टचे पाइप अशा लांबीचे करायचे की बाहेर जाणाऱ्या वायूच्या दाबलहरीनं आतल्या नव्या हवेला ओढ मिळावी. इथे नुसत्या हातकौशल्याला मर्यादा आहे. पोर्ट नुसता मोठा केला तर हवेचा वेग मंदावतो आणि मधल्या फेऱ्यांवर इंजिन आधीपेक्षा लुळं होतं. चकचकीत पॉलिश केलेला पोर्ट डोळ्याला छान दिसतो. त्याच्या आकारानं हवेला मदत झाली की नाही, हे डोळ्याला कळत नाही.

यातलं सर्वांत नाजूक काम कॅमचं. कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याचा आकार व्हॉल्व्ह केव्हा, किती आणि किती झपाट्यानं उघडणार ते ठरवतो. हवेलाही जडत्व असतं. ती सुटायला वेळ लावते आणि सुटली की लगेच थांबत नाही. त्यामुळे रेसिंगच्या कॅममध्ये इनलेट व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि पिस्टन परत वर निघाला तरी थोडा वेळ उघडाच राहतो. वेगानं येणारी हवा स्वतःच्या ओघानं आत ठासली जाते. हा खेळ वरच्या फेऱ्यांवरच जमतो. खाली तीच हवा उलटी बाहेर ढकलली जाते, इंजिन अडखळतं, ट्रॅफिकमध्ये चालवणाऱ्याचा जीव काढतं.

दुसरी अडचण व्हॉल्व्हच्या वजनाची. ७५०० फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ६२ वेळा उघडतो आणि मिटतो. कॅमचा उतार फार उभा असला तर स्प्रिंगची ताकद कमी पडते, व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडून तरंगतो आणि कधीकधी पिस्टनवर आदळतो. फॉर्म्युला ज्युनिअरमध्ये ओव्हरहेड कॅमला परवानगी नव्हती. कॅम खाली ब्लॉकमध्येच ठेवून लांब पुशरॉडमार्फत व्हॉल्व्ह हलवायचे होते. या लवचीक साखळीला झेपेल असा कॅमचा आकार गणितानं काढणं, हे डकवर्थचं सुरुवातीचं भांडवल होतं. इतर लोक अंदाजानं कॅम घासत असताना त्याच्याकडे वेग आणि त्वरणाचे हिशेब होते.

कॉम्प्रेशनचा हिशेब

आत आलेली हवा जितकी जास्त दाबाल तितकं जळणातून काम जास्त मिळतं. मूळ १०५ईचं कॉम्प्रेशन ८.९ ला १ होतं. ते ११ ला १ करायचं म्हटलं, तर पिस्टन वर असताना उरणारी जागा दर सिलिंडरमागे सुमारे ३१.५ सीसीवरून २५ सीसीवर आणावी लागते. साडेसहा सीसी म्हणजे सव्वा चमचा. हेड घासून किंवा पिस्टनचा माथा उंच करून हे जमतं. थिअरीप्रमाणे या एका बदलातून सुमारे ६ टक्के फायदा मिळतो.

६ टक्के ऐकून कुणी नाक मुरडेल, पण परफॉर्मन्सचं काम अशाच तुकड्यांनी बनतं, आणि प्रत्येक तुकड्याची किंमत दुसरीकडे वसूल होते. कॉम्प्रेशन वाढलं की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रण आपोआप, नको तिथे पेटायचा धोका वाढतो. गॅरेजमध्ये ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात तो टकटक आवाज म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर बसणारे घाव. ते टाळायला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, ठिणगीची बदललेली वेळ, थंड प्लग, सुधारलेलं कूलिंग लागतं.

फेऱ्यांचंही तसंच. पिस्टन आणि रॉडवर येणारा जडत्वाचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५०००वरून ७५०० फेऱ्यांवर गेलं की फेरे दीडपट होतात आणि ताण सव्वादोन पट. १०५ईसारख्या आखूड स्ट्रोकच्या इंजिनातही ७५०० फेऱ्यांवर पिस्टनला गुरुत्वाकर्षणाच्या दीड हजार पटींहून जास्त त्वरण सोसावं लागतं. मग रॉडचे बोल्ट बदला, बेअरिंगच्या टोप्या भक्कम करा, क्रँकशाफ्ट बॅलन्स करा. वळणावर ऑइल एका बाजूला सरकून पंप हवा ओढू लागतो, म्हणून ‘ड्राय संप’ म्हणजे ऑइलची वेगळी टाकी आणि जादा पंप बसवा. एका ठिकाणी शक्ती वाढवली की साखळीतली पुढची कमकुवत कडी उघडी पडते. दुरुस्तीच्या कामात एक भाग बदलून सुटका होते. इथे एक भाग बदलला की पाच भागांचा विचार करावा लागतो.

कॉसवर्थनं हे टप्प्याटप्प्यानं केलं. ३९ अश्वशक्तीचं ९९७ सीसी इंजिन १९६०पर्यंत ७५वर गेलं, त्याच वर्षी पुढच्या आवृत्तीत ८५च्या वर. १९६३पर्यंत १०९८ सीसीच्या आवृत्तीतून ११०च्या आसपास अश्वशक्ती मिळू लागली होती. मार्च १९६०मध्ये गुडवुडला जिम क्लार्क नावाच्या तरुण स्कॉटिश चालकानं लोटसमध्ये हे इंजिन लावून फॉर्म्युला ज्युनिअरची शर्यत जिंकली. त्यानंतर वर्कशॉपला गिऱ्हाइकं शोधत फिरावं लागलं नाही.

ज्याच्याकडे ब्रेक, त्याच्याकडे उत्तर

हे सगळे बदल चांगले झाले की वाईट, हे ठरवायचं कसं? गाडी चालवून ‘आता खेचतेय’ म्हणणं हा पुरावा होत नाही. एक्झॉस्ट मोकळा केला की आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की जोर वाढल्याचा भास होतो.

त्यासाठी डायनॅमोमीटर लागतो. वर्कशॉपच्या भाषेत ‘डायनो’. इंजिन एका ब्रेकला जोडायचं. जुन्या धर्तीच्या डायनोमध्ये पाण्यानं भरलेल्या घरात चकती फिरते आणि पाणी घुसळत इंजिनाची शक्ती उष्णतेत घालवते. ते घर इंजिनाबरोबर फिरू पाहतं; त्याला एका दांड्यानं रोखून धरतात आणि दांड्याच्या टोकाला किती वजनाचा जोर येतो ते काट्यावर वाचतात. जोर गुणिले दांड्याची लांबी म्हणजे टॉर्क. त्याला फेऱ्यांनी गुणलं की शक्ती.

तत्त्व सोपं आहे, शिस्त अवघड. गरम दुपारची हवा विरळ असते. सकाळी ७५ अश्वशक्ती दाखवणारं इंजिन दुपारी कमी दाखवतं. म्हणून हवेचं तापमान आणि दाब नोंदवून आकडा दुरुस्त करावा लागतो. ऑइलचं तापमान दर वेळी तेच हवं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डायनोच्या वाचनात २ टक्के चूक असली तर ७५ अश्वशक्तीच्या इंजिनात ती दीड अश्वशक्ती झाली. मग एका अश्वशक्तीची सुधारणा दिसणारच नाही. चाचणी पुन्हा केल्यावर आकडा पुन्हा तोच आला पाहिजे. तो येत नसेल तर इंजिनाला हात लावण्याआधी डायनो सुधारायचा.

डायनो आणि नोंदवही ही म्हणूनच अशा वर्कशॉपची खरी मालमत्ता असते. कुठला कॅम, कुठला जेट, किती अंशांवर ठिणगी, त्यावर किती टॉर्क, आणि कुठे काय मोडलं, हे पान पान जमत जातं. कंपनीच्या मॅन्युअलनंतरचं मॅन्युअल ते हेच.

ट्यूनिंगकडून घडवणुकीकडे

१९६४मध्ये कॉसवर्थ लंडन सोडून नॉर्दॅम्प्टनला गेलं. तोवर कॉस्टिन पूर्णवेळ आला होता. अचूक मशीनिंगचा वाकबगार बेन रूडही आला होता. विचार करणारा, जुळवून चालवून बघणारा आणि मायक्रोमीटरच्या शेवटच्या रेघेपर्यंत कापणारा, असे तीन वेगळे स्वभाव एका छपराखाली आले.

आता दुसऱ्याचं हेड घासण्याऐवजी स्वतःचं हेड करायचं ठरलं. फोर्डच्याच ब्लॉकवर बसवलेलं एक लिटरचं ‘एससीए’ १९६४मध्ये आलं. कॅम वर गेला, पण एकच. फॉर्म्युला टूमध्ये त्यानं भरपूर शर्यती जिंकल्या. तरी त्याच्या ज्वलनकक्षात मिश्रण सावकाश जळत होतं आणि ठिणगी फार आधी द्यावी लागत होती. १९६६मध्ये ब्रॅबॅम संघाच्या गाडीतल्या होंडा इंजिनानं त्याला सपशेल मागे टाकलं.

उत्तर म्हणून आलं १६०० सीसीचं ‘एफव्हीए’. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, दोन आत घेणारे, दोन बाहेर सोडणारे. दोन छोटे व्हॉल्व्ह मिळून एका मोठ्या व्हॉल्व्हपेक्षा जास्त वाट मोकळी करतात आणि प्रत्येकाचं वजन कमी असल्यानं जास्त फेऱ्यांवर कॅमचा पाठलाग सोडत नाहीत. चार व्हॉल्व्हची कल्पना जुनी होती. रेसिंगच्या इंजिनांत पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून ती होती. डकवर्थनं भर घातली ती कोनात. त्या काळच्या अनेक रेसिंग इंजिनांत इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधला कोन ६० अंशांच्या वर असे. मग ज्वलनकक्ष घुमटासारखा खोल होई, कॉम्प्रेशन वाढवायला पिस्टनचा माथा उंच करावा लागे आणि ज्योतीला त्या उंचवट्याभोवती वळसा घालून जावं लागे. डकवर्थनं कोन लहान केला. कक्ष उथळ झाला, पिस्टन जवळजवळ सपाट झाला, प्लग मधोमध आला आणि मिश्रण झटकन जळू लागलं. आज रस्त्यावरच्या बहुतेक पेट्रोल मोटारींच्या हेडमध्ये चार व्हॉल्व्ह, लहान कोन आणि मधोमध प्लग ही मांडणी दिसते.

एफव्हीए हा मोठ्या कामाचा अर्धा भाग होता. लोटसच्या चॅपमननं, ज्याच्याशी भांडून डकवर्थ निघाला होता त्याच चॅपमननं, फोर्डला गळ घातली आणि १९६६मध्ये फोर्डनं १ लाख पौंड दिले: आधी चार सिलिंडरचं एफव्हीए, मग तशीच दोन हेडं वापरून तीन लिटरचं व्ही-८. ‘डबल फोर व्हॉल्व्ह’ म्हणून त्याचं नाव डीएफव्ही. व्हॉल्व्हचा कोन आणखी लहान, ३२ अंश. छोट्या वर्कशॉपची सावध चाल यात दिसते. फॉर्म्युला वनचं इंजिन बनवण्याआधी त्याचं हेड फॉर्म्युला टूमध्ये मोडून, सुधारून, पैसे कमावून तपासलं गेलं.

४ जून १९६७ला हॉलंडमधल्या झँडवूर्टला डीएफव्हीची पहिली शर्यत झाली. ४०० अश्वशक्तीच्या आसपासचं हे इंजिन नव्या लोटस ४९च्या सांगाड्याचा भागच होतं. मागचं सस्पेन्शन थेट इंजिनाला बोल्टनं जोडलेलं. ग्रॅहम हिल सर्वांत पुढून निघाला, पण कॅम फिरवणाऱ्या गिअरचे दात तुटून त्याची गाडी थांबली. जिम क्लार्कनं मात्र पदार्पणाचीच शर्यत जिंकली.

विजयाच्या बातमीपेक्षा त्या तुटलेल्या दातांची कथा इंजिनवाल्यांसाठी जास्त मोलाची आहे. गिअर आकडेमोडीप्रमाणे पुरेसे मजबूत होते, तरी तुटत होते. आणखी जाड, आणखी कडक गिअर लावणं हा सोपा उपाय होता. डकवर्थनं कारण शोधलं: क्रँक आणि कॅम दोन्ही फिरताना पिळवटून कंप पावतात आणि काही फेऱ्यांवर हे कंप एकमेकांत मिसळून गिअरच्या दातांवर हिशेबाच्या कैक पट जोर आणतात. म्हणून गिअरच्या मधोमध बारीक पोलादी दांड्यांचा एक संच बसवला गेला. त्या किंचित पिळल्या जाऊन धक्का गिळतात. जिथे तुटत होतं तिथे ताकद वाढवण्याऐवजी मुद्दाम लवचीकपणा घातला आणि दुखणं आटोक्यात आलं.

विकायचं काय, हा प्रश्न

१९६८पासून डीएफव्ही इतर संघांनाही विकत मिळू लागलं, साधारण ७५०० पौंडांना. १९६९च्या जागतिक स्पर्धेतली प्रत्येक शर्यत त्याच इंजिनानं जिंकली. १९८३पर्यंत या इंजिनाच्या घराण्यानं १५५ ग्रांप्री जिंकल्या. शेवटची डेट्रॉइटला, मिकेले अल्बोरेटोच्या टिरेल गाडीत. तोवर ४००वरून शक्ती ५००च्या पुढे गेली होती, दर वर्षीच्या छोट्या छोट्या तुकड्यांनी.

छोट्या वर्कशॉपला यातून धंद्याची एक गोष्ट कळते. रेसिंगचं इंजिन एकदा विकून संपत नाही. काही शर्यतींनंतर ते उघडून रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा बदलाव्याच लागतात. कायमचं उत्पन्न त्या पुनर्जुळणीत असतं. डीएफव्हीच्या देखभालीवर इंग्लंडमध्ये स्वतंत्र इंजिनवाल्यांची अख्खी पिढी उभी राहिली. जॉन जड यांचं वर्कशॉप या कामावर वाढलं. कॉसवर्थमधून बाहेर पडलेल्या ब्रायन हार्ट यांनी स्वतःची इंजिनं केली. मारिओ इलियन आणि पॉल मॉर्गन यांनी कॉसवर्थ सोडून नॉर्दॅम्प्टनजवळ ब्रिक्सवर्थला ‘इल्मॉर’ काढलं. मर्सिडीजची आजची फॉर्म्युला वन इंजिनं त्याच ब्रिक्सवर्थमध्ये बनतात. नोंदवही कपाटात ठेवता येते, पण ती वाचायची रीत माणसांबरोबर जाते.

ही वाट एकट्या कॉसवर्थची नाही. जपानमध्ये हिदेओ योशिमुरा यांनी १९५४मध्ये फुकुओकाला मोटारसायकलींचं दुकान काढलं आणि तळावरच्या अमेरिकन सैनिकांच्या गाड्या ट्यून करत नाव मिळवलं; १९७८मध्ये सुझुकाची पहिली ८ तासांची शर्यत त्यांच्या सुझुकीनं जिंकली. जर्मनीत हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एर्हार्ड मेल्खर यांनी १९६७मध्ये एका जुन्या गिरणीत एएमजी सुरू केलं. १९७१मध्ये त्यांची अवजड लाल मर्सिडीज स्पाच्या २४ तासांत दुसरी आली. तिन्ही ठिकाणी क्रम तोच: बाजारात सहज मिळणारं यंत्र धरायचं, त्याची हद्द मोजायची आणि जगासमोर शर्यतीत सिद्ध करायची.

भारतात अशा कामाला वाव कुठे, हे कायद्यानं बरंचसं ठरवलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९मध्ये हे कलम ठामपणे लागू केलं. मोठा बोअर, बदललेलं इंजिन, सायलेन्सर काढून टाकणं हे रस्त्यावर चालत नाही. बंदिस्त ट्रॅकवरच्या गाडीची गोष्ट वेगळी. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन वापरून ‘फॉर्म्युला मारुती’ गाड्या बनवल्या, तेव्हा त्यांनी नकळत फॉर्म्युला ज्युनिअरचंच सूत्र धरलं: घरोघरी असलेलं इंजिन, स्वस्त सुटे भाग आणि नवोदितांसाठी मैदान. फॉर्म्युला वनमध्ये कॉसवर्थ भारतीय चालकांच्या हाती आलं ते पुढे. करुण चंढोकनं २०१०मध्ये आणि नारायण कार्तिकेयननं २०११मध्ये ग्रेटर नोएडाच्या पहिल्या भारतीय ग्रांप्रीत चालवलेल्या एचआरटी संघाच्या गाड्यांत कॉसवर्थचंच इंजिन होतं.

आपल्याकडे कोल्हापूर-पुण्यापासून कोइमतूरपर्यंत बोअरिंग आणि हेडच्या कामात मुरलेले हात कमी नाहीत. तरी असं वर्कशॉप वळताना सगळ्यात जड जाते ती नाही म्हणायची सवय: दहा कंपन्यांच्या गाड्या घेणं बंद करून एकाच इंजिनावर थांबणं, डायनोच्या हप्त्यासाठी दुरुस्तीचं काम काही काळ चालू ठेवूनही त्यात परत न अडकणं, आणि रस्त्यावरच्या गाडीला रेसिंगचा कॅम मागणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं.

गिऱ्हाइकाला वर्कशॉपची पारख करायची असेल, तर ‘किती पॉवर वाढवून द्याल’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. कुणीही कुठलाही आकडा सांगेल. विचारायचे प्रश्न वेगळे. काम करण्याआधीचा डायनोचा कागद दाखवाल का? तीच चाचणी दोनदा केली तर आकडा किती हलतो? हे इंजिन किती तासांनी उघडावं लागेल? आणि या प्रकारचं शेवटचं इंजिन मोडलं ते नेमकं कशामुळे? शेवटच्या प्रश्नावर जो लगेच वही काढतो, त्याच्याकडे गाडी सोडायला हरकत नाही.